गॅरेजमधला खिमा

काकांच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. एक आतलं, ते काकूंचं. दुसरं गॅरेजमध्ये, ते काकांचं. आतल्यात वरण-भात, पोळी-भाजी, देवाचा कोनाडा आणि दारावर काकूंच्या हातचं मण्यांचं तोरण. गॅरेजमध्ये एका फळीवर विजेची शेगडी, काळीकुट्ट लोखंडी कढई, खिळ्याला टांगलेलं उलथणं, आणि भोवती बर्फाची फावडी, गवत कापायचं मशीन, विंटर टायर्सची चळत. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. तरी संध्याकाळचे सहा वाजले की हा माणूस जाडजूड कोट आणि कानटोपी चढवायचा आणि गॅरेजमध्ये उभा राहून स्वतःपुरता ग्राउंड बीफ आणि भाज्यांचा जहाल तिखट खिमा परतायचा. बाहेर उणे वीस का असेना.

मी एकदा म्हटलं होतं, अहो काका, आता आत केलंत तर बघायला कोण येणारे? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना चोरी करायलाच सुचवलं होतं.

"नियम तिने केला होता," ते म्हणाले. "ती नाही म्हणून तो रद्द कोण करणार? मी? मला अधिकार नाही."

रिचमंड हिलला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाडेकरू म्हणून दोन हिवाळे काढले. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. पुण्याहून एकटी आले होते, नवरा व्हिसाच्या रांगेत तिकडेच अडकला होता. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. तपासल्याशिवाय ही बाई साधं बटणसुद्धा पास करत नाही, अशी ऑफिसात माझी ख्याती होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

काका मूळचे अमरावतीचे. सिव्हिल इंजिनियर. सत्तरच्या आगेमागे जी मंडळी एका सुटकेसवर इकडे आली, त्यांच्यातले. पहिली नोकरी पार उत्तरेत, खाणीच्या गावात मिळाली. तोवर अंडंही न खाल्लेला माणूस. तीन दिवस ब्रेड आणि उकडलेल्या बटाट्यावर काढले. चौथ्या दिवशी युक्रेनियन घरमालकिणीने कोबी आणि खिमा एकत्र परतून पुढ्यात ठेवला. तो कशाचा आहे हे काकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर खाता आलं नसतं, आणि खाल्लं नसतं तर दुसऱ्या दिवशी साइटवर उभं राहता आलं नसतं, असं ते अगदी गणित मांडल्यासारखं सांगायचे.

दोन वर्षांनी लग्न करून काकूंना घेऊन आले. काकूंना कळलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्या शेगडीवर नाही आणि माझ्या फ्रिजमध्ये नाही, एवढंच म्हणाल्या. पुढे इथे घर घेतलं तेव्हा काकांनी पहिल्याच शनिवारी गॅरेजमध्ये ती फळी ठोकली. हिवाळ्यात बीफचे ट्रे गॅरेजमधल्याच एका पत्र्याच्या पेटीत राहायचे. चार महिने सबंध गॅरेजच फ्रीझर. उन्हाळ्यात रोजचं रोज आणायचे. पंचवीस-तीस वर्षं त्या घरात हे असं चाललं आणि दोघांनीही त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

सगळा खेळ अठरा मिनिटांचा. अठराच का, हेही मी विचारलं होतं. कडाक्याच्या थंडीत उघडी बोटं बधिर व्हायला वीस मिनिटं लागतात, दोन मिनिटं सेफ्टी फॅक्टर. काकांचं सगळंच असं. बर्फ पडला की फूटपट्टी घेऊन अंगणात जायचे आणि रेडिओवर सांगितलेला आकडा खोडून काढायचे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूममध्ये तीन. मी आल्या आल्या मला गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर नेऊन पडायचं कसं ते शिकवलं. "पडणार हे कळलं की बसायला लाग," म्हणाले. "उभं राहायचा हट्ट करणारे डोकं फोडून घेतात." पहाटे मी ऑफिसला निघायच्या आत माझ्या बेसमेंटच्या दारापर्यंतची वाट शोव्हल केलेली, म्हणजे फावड्याने बर्फ उपसून मोकळी केलेली असायची. पंचाहत्तरीचा माणूस. मी नको नको म्हणायचे, आणि मनातून मला हायसं वाटायचं.

पण हे पडण्याचं शास्त्र त्यांनी स्वतःच्या डोक्यावर शिकलेलं होतं. मी यायच्या आधीच्या वर्षी त्याच ड्राइव्हवेवर ते उताणे पडले आणि डोक्याची मागची बाजू बर्फावर आपटली. टेंगूळ गेलं आणि जाताना वास घेऊन गेलं. त्यांना हे कळलं तेही कसं, तर शेजारच्यांच्या लाकडी डेकखाली एका स्कंकने फवारा मारला. तो प्राणी घाबरला की असा काही वास सोडतो, की अख्खी गल्ली दारं-खिडक्या लावून घेते. त्या दिवशी सगळे नाकाला रुमाल लावून पळत होते आणि काका मधोमध उभे राहून पोस्टमनशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. डॉक्टर म्हणाले, नस तुटली, परत यायची नाही.

तेव्हापासून त्यांचा खिमा आणखी तिखट झाला. लाल तिखट तीन चमचे, वर हिरव्या मिरच्या, सोया सॉस, शेवटी व्हिनेगर. नाक गेलं की जिभेला फारसं काही कळत नाही, पण तिखट झोंबतं ते झोंबतंच. "तिखट ही चव नाही, ती इजा आहे," ते म्हणायचे. "ती अजून पोचते." आणि सगळं कानांनी करायचे. कढई कडकडीत तापली की खिमा टाकायचा, तो आधी फसफसतो, पाणी आटलं की चरचरायला लागतो. तो आवाज बदलला की बाजूला काढायचा. मग मोठ्या आचेवर गाजर, ढोबळी मिरची, कोबी, शेवटी फ्रोझन मटार, आणि खिमा परत आत. डोळे मिटून, कान कढईकडे. गंमत वाटायची बघायला. भांडं खाली ठेवलं की ब्रेडच्या दोन स्लाइस घेऊन उभ्या उभ्या तिथेच जेवायचे.

आता राहिला प्रश्न मांस चांगलं आहे की नाही ते कळण्याचा. पाकिटावरच्या तारखेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तारीख म्हणजे कोणाचा तरी अंदाज, नाक म्हणजे मोजमाप. आणि ते मोजमाप त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून मी.

माझ्या खोलीवरून तापलेल्या हवेचा पत्र्याचा पाइप जायचा. सहा वाजता त्याच्यावर वरून दोनदा चमचा वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी काय बिघडलं म्हणून धावत वर गेले. काकांनी शेगडीशेजारी ठेवून सैल केलेला, प्लास्टिक फाडलेला ट्रे माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, वास घे.

"काका, मी व्हेज आहे."

"खा कुठे म्हणतोय? वास घे. नाकाला धर्म नसतो."

आमच्या घरी ज्याला दबक्या आवाजात 'मोठ्याचं' म्हणतात, ते माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं: ताजं असेल तर ओल्या लोखंडासारखा वास येईल, बिघडलं असेल तर आंबूस-गोडसर. मी खरंच वास घेतला. लोखंडासारखाच होता. मी ठीक आहे म्हणाले, खाली आले आणि सिंकमध्ये भडाभडा ओकले.

तिथेच सांगायला हवं होतं, की काका, मला नाही जमणार. एवढ्या चांगल्या माणसाला नाही म्हणायची मला लाज वाटली. खोटं बोलायची मात्र वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वाकायचे, श्वास रोखून धरायचे, मनात तीन आकडे मोजायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. ऑफिसात एकेका स्क्रीनसाठी दहादहा वेळा भांडणारी मी. रोज संध्याकाळी सहा वाजता, न तपासता पास.

"या, तपासनीस बाई," काका म्हणायचे, आणि मी गेले की ट्रे असा दोन्ही हातांनी पुढे करायचे.

यात आणखी एक गाठ होती. त्यांचा मुलगा मॉन्ट्रियलला, विमानांच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा पाच-सहा तास गाडी चालवत यायचा. मराठी समजायचं, बोलायचा इंग्रजीत. वाईट मुलगा नव्हता, मुळीच नव्हता. मला जागा देताना त्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाबांकडे लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर आधी मला फोन करा. त्या गॅरेजमधल्या शेगडीची त्याला धडकी भरायची. आणखी एक काही झालं, तर घर विकून बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं, हे बापलेकात ठरून चुकलं होतं. म्हणून नाकाचं काकांनी त्याला कळूच दिलं नव्हतं. मी मुलाला हो म्हटलं होतं, आणि काकांनाही शब्द दिला होता, नाकाचं सांगणार नाही म्हणून. दोन्हीकडे भली झाले होते.

काकांना मरणाची भीती नव्हती, घर सुटण्याची होती. मी तिच्या फळीपासून हलणार नाही, असं म्हणायचे. तिची फळी म्हणजे ती गॅरेजमधली. ठोकली यांनी, पण त्यांच्या लेखी ती काकूंची होती.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तीन दिवस अचानक ऊब आली. पाऊस पडला, छपरांवरून पाणी गळायला लागलं, लोक कोट काखेत मारून हिंडायला लागले. मीही खुशीत होते. पत्र्याच्या पेटीत काय होत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काकांच्या आलं असणार, पण त्यांच्याकडे आता मोजमाप होतं ना, माझं नाक. चौथ्या दिवशी थंडी पुन्हा उतरली आणि सगळं परत दगड झालं.

सहाला चमचा वाजला. नवऱ्याचा फोन यायचा होता, मी घाईत वर गेले. गॅरेजमधल्या पिवळ्या बल्बखाली ट्रे नेहमीसारखाच दिसला. थोडा काळपट असेलही, पण लाल आणि काळपट यांतला फरक मला कुठून कळणार? काकांनी नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त विचारलं. "नीट बघ हं, मधे तीन दिवस ऊब होती." मी वाकले. एक, दोन, तीन. ठीक आहे.

सकाळी माझ्या डोक्यावर पावलं वाजली नाहीत. वाट शोव्हल केलेली नव्हती. किल्ली होती माझ्याकडे, वर गेले. काका वॉशरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले, ओठ सुकून पांढरे, अंगातलं सगळं पाणी निघून गेलेलं. कधीपासून बसले होते कोण जाणे. पडले नव्हते, पडणार हे कळल्यावर बसले होते.

"फोन कर," म्हणाले. "पण त्याला नको."

मी अँब्युलन्सला केला आणि मग त्यालाही केला.

किडन्यांवर आलं होतं, पण निभावलं. नवव्या दिवशी हॉस्पिटलातल्या एका लहानशा खोलीत आम्ही चौघं बसलो: व्हीलचेअरवर काका, मुलगा, फाइल घेतलेली हॉस्पिटलची बाई आणि मी. घरी पाठवायचं की नाही ते ठरायचं होतं. तोवर बाजू काकांची बरी होती. त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं, तर त्यांनी मिनिटांच्या साठही रेघा मारून दिल्या होत्या. फाइलवालीही म्हणाली की डोकं शाबूत आहे. पण तपासण्यांत नाकाचं बाहेर आलं होतं. वास येत नसताना हे मांस शिजवून खातात, म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं मुलगा म्हणाला.

काका ताठ बसले. "निष्काळजीपणा अजिबात नाही," ते म्हणाले. "व्यवस्था केलेली होती. रोज तपासून घेत होतो. हिच्याकडून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाने इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे का?

काय लागत होतं मला? एक 'हो'. हो, मी घेत होते, म्हणजे घेत नव्हते, चूक माझी आहे, त्यांची व्यवस्था बरोबर होती. तेवढ्यावर काका घरी गेले असते. निदान त्यांची बाजू उभी तरी राहिली असती. पण मला दिसलं ते एवढंच, की म्हातारा मरता मरता वाचला आणि हे तिघं मला विचारतायत की तू काय केलंस. नवऱ्याची कागदपत्रं आठवली, पोलीस आठवले, वाटेल ते आठवलं. तोंडातून निघून गेलं.

"नाही. मी व्हेजिटेरियन आहे. मी कशाला मांसाचा वास घेऊ?"

इतकं पटण्यासारखं होतं ते, की कोणाला शंकासुद्धा आली नाही. फाइलवाली बाई माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि तिने काहीतरी लिहिलं. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्तापर्यंत त्याला बाप हट्टी वाटत होता; आता तो नसलेल्या गोष्टी रचतोय असं वाटायला लागलं. मला दिसत होतं ते. मी खुर्चीत बसून बघत होते.

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "असेल. मला नीट आठवत नसेल."

घर वसंतात विकलं गेलं. गॅरेजमधली फळी नव्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात काढून कचऱ्यात ठेवली, ती मी येता-जाता पाहिली, कारण माझं सामान अजून निघायचं होतं. मी जवळच वॉनला एका कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये गेले. उन्हाळ्यात नवरा आला. मुलाला मी सगळं सांगितलं, पण ते घर गेल्यावर. तो म्हणाला की तसंही आज ना उद्या हे होणारच होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याने मला मोकळं केलं म्हणा ना. मला राग आला त्याचा. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांना एका चांगल्या, उबदार, स्वच्छ वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तिथे पिठूळ सूप आणि कुस्करलेले बटाटे मिळायचे. झोंबणारं काहीच नाही. तिथे ते पुढे दोन हिवाळे जगले, आणि दुसऱ्या हिवाळ्यात खरोखरच गोष्टी विसरायला लागले. पण मी पहिल्यांदा गेले तेव्हा चांगले शुद्धीत होते. पाऊण तास रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, नवीन पूल कसा चुकीचा बांधतायत ते सांगितलं. मी उठले तसे, खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"गॅरेजमध्ये थंडीत तोंडातून वाफ दिसायची. माझी दिसायची. तू वाकलीस की तुझी दिसायची नाही."

मी कसंबसं म्हटलं, "मग खायचात कशाला काका?"

"वाटायचं, आज घेईल."

त्या रात्री मी जेवले नाही. शनिवारी दुकानात गेले, आयुष्यात पहिल्यांदा ग्राउंड बीफचा ट्रे उचलला. नवऱ्याला कॉन्डोबाहेर पाठवलं. प्लास्टिक फाडलं आणि नाक जवळ नेऊन छाती भरेपर्यंत वास घेतला. ओल्या लोखंडाचा. पुन्हा घेतला. मग कढई तापवली, फसफस ऐकली, चरचर ऐकली, गाजर, ढोबळी मिरची, कोबी, मटार, तिखटाचे तीन चमचे. अठरा मिनिटं. मीठ बरोबर आहे की नाही हे कळायला चाखायला हवं होतं, म्हणून एक चमचा तोंडात घातला, चावला आणि गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, ते निम्मं तरी तिखटाचं होतं.

डबा गरम असतानाच घेऊन गेले. काका खोलीत टेबलाशी बसले होते. मी झाकण काढून डबा त्यांच्यासमोर ठेवला, शेजारी ब्रेडच्या दोन स्लाइस. त्यांनी डब्यात पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"वास घेतलास?"

"घेतला काका."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, अगदी साधी. तेवढ्यात त्यांची काळजी घेणारी फिलिपिनो बाई टॉवेल बदलायला आत आली. काकांनी तिला बोट वाकवून जवळ बोलावलं, डबा दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्यासमोर धरला. त्यांना काय हवंय ते तिला लगेच कळलं. ती वाकली, तिची छाती वर झाली, खाली आली.

"स्मेल्स गुड, सर," ती म्हणाली.

मग काकांनी चमचा उचलला.